आत्याचं गॅरेज आणि माझा दोन टनांचा एसी

मला घरात सगळे थंड्या म्हणतात. एसी बसवणं हा माझा धंदा, म्हणून थंड्या. आणि माझं डोकं जरा लवकर तापतं, म्हणून चिडवायला ते नाव सगळ्यांना जास्तच आवडतं. बावीस वर्षं मी लोकांच्या भिंतींना भोकं पाडतोय. खोलीत पाय टाकला की मला कळतं, ऊन कुठून येतं, गारवा कुठून निसटतो आणि वीजबिलाबद्दल मालक किती थापा मारतोय. गरम-थंड या विषयात मला शिकवणारा अजून जन्माला यायचाय, असा माझा समज होता. माझ्या आधी तीस वर्षं जन्माला आलेल्या आत्याने तो समज धुऊन काढला.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. वय एकाहत्तर. उंची माझ्या खांद्याइतकी. बोलते मोजकंच, पण बोलली की समोरच्याने मुकाट ऐकायचं. दातांच्या एका मोठ्या दवाखान्याच्या मागच्या खोलीत तिने अर्धं आयुष्य कवळ्या करण्यात घालवलं. मग एक दिवस तिथल्या डॉक्टरांनी विचारलं, "बाई, दात इतके हुबेहूब करता, एक कान करून बघाल का?" कुणा माणसाचा कान अपघातात गेला होता. तिने केला. तो माणूस कान लावून आरशासमोर बसला तो उठेचना, त्याच्या मागचे लोक खोळंबले. तेव्हापासून आत्या कान करते, नाकं करते, एकदा तर एका बाईची करंगळी केली, नखासकट.

निवृत्त झाल्यावर तिने घराला चिकटून असलेलं गाडीचं गॅरेज रिकामं केलं. गाडी आमच्या खानदानात कुणाकडेच नव्हती, त्यामुळे आतून निघालं ते मोडक्या खुर्च्यांचं संमेलन. तिथे तिने खिडकीजवळ एक टेबल टाकलं, वर फळ्या ठोकल्या, आणि फळ्यांवर प्लास्टरचे चेहरे मांडले. डोळे मिटलेले पांढरे चेहरे. पहिल्यांदा गेलो तेव्हा माझी तर बोबडीच वळली. "घाबरतोस काय," आत्या म्हणाली, "सगळे जिवंत आहेत. तो तिसरा काल केळी घेऊन आला होता."

तिचं काम मी एकदा दुपारभर बघत बसलो आणि घरी गेल्यावर जेवलोच नाही नीट. आधी ती चेहऱ्याच्या प्लास्टरवर मेणाचं नाक घडवते. त्या माणसाचे जुने फोटो समोर लावलेले. मेण हाताने दाबत, सुरीच्या टोकाने कोरत ती त्याला आकार देते. मग संत्र्याच्या सालीचा तुकडा घेऊन मेणावर हळूच दाबते. का? तर सालीवर जे बारीक खड्डे असतात, ते त्वचेच्या छिद्रांसारखे उमटतात! मेणाचा साचा काढायचा, त्यात सिलिकॉन भरायचं, आणि रंग तर आतून द्यायचा, थरावर थर. लाल धाग्याचे केसाहून बारीक तुकडे ती त्यात सोडते, त्या झाल्या शिरा. कडा इतकी पातळ की कांद्याचा पापुद्राही जाड वाटावा, म्हणजे ती गालावर कुठे संपते ते दिसत नाही. मी तोंडात बोटं घालायची तेवढी बाकी ठेवली होती. आणि ही बाई त्याला म्हणते काय, तर "थोडं काम उरलंय, तेवढं उरकते."

पण गॅरेज म्हणजे शेवटी गॅरेज. वर पत्रा, समोर लोखंडी शटर. उन्हाळ्यात भट्टी, हिवाळ्यात बर्फ. हिवाळ्यात आत्याची बोटं आखडायची, सुरी धरवायची नाही. शेगडी लावली तर शेगडीकडची मेणाची बाजू चकाकायची आणि दुसरी बाजू तडकायची. वर्षातले जेमतेम चार महिने तिचं काम धड चालायचं. यादीतली माणसं वाट बघत बसायची, चेहऱ्याला कापड बांधून.

त्या यादीत बेकरीवाल्या वहिनी होत्या. आमच्याच भागातली बेकरी, नवरा भट्टी सांभाळायचा आणि ह्या काउंटर. कॅन्सरमुळे त्यांचं नाक काढावं लागलं. जीव वाचला. पण त्यानंतर दोन वर्षं त्या मागच्या खोलीत पीठ मळत होत्या. काउंटरवर एक भाचा उभा राहायचा. आत्याकडे पहिल्यांदा आल्या तेव्हा म्हणाल्या, "दुखत काही नाही हो आता. पण माणसं माझ्याशी खाली बघून बोलतात. देवळात आल्यासारखी हळू बोलतात. मला माझ्या काउंटरवर उभं राहायचंय, बस." आत्या म्हणाली, "राहशील."

एवढं बोलून बसली, आणि पुढच्याच महिन्यात उन्हाने घोटाळा केला. पंधरा दिवस घडवलेलं मेणाचं नाक दुपारी शेंड्याकडून खाली ओघळलं. आत्या दवाखान्यात मेण आणायला गेली होती, परत येऊन बघते तर हा प्रकार. मी योगायोगाने तिथे पोचलो तेव्हा ती स्टुलावर बसून ते हातात धरून बघत होती. रडत नव्हती. पण माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. उन्हाचा राग, पत्र्याचा राग, आणि सगळ्यात जास्त स्वतःचा. अख्ख्या गावाच्या भिंतींना गारवा चिकटवत फिरतोय आणि माझी आत्या पत्र्याखाली शिजतेय!

"उद्या एसी बसवतो," मी म्हणालो.

"मला नको ते वारं अंगावर."

"आत्या, तू नाकं कर. वाऱ्याचं मी बघतो."

दुसऱ्या दिवशी मी सगळा लवाजमा घेऊन हजर. साधा नाही, उन्हाळ्यात थंड आणि हिवाळ्यात गरम हवा देणारा स्प्लिट एसी. आत एक डबा, बाहेर एक डबा, मध्ये तांब्याचे दोन पाइप. उन्हाळ्यात आतली उष्णता उचलून बाहेर टाकायची, हिवाळ्यात तेच उलटं. नऊ बाय चौदाच्या खोलीला एक टन पुरतो, हे माझा नवशिक्या गडीही सांगेल. पण आत्यासाठी एक टन? माझ्या आत्यासाठी? मी दोन टनांचा आणला. आणि बसवला कुठे, तर खिडकीच्या बरोबर समोर, म्हणजे थंडगार झोत थेट टेबलावर आणि खुर्चीवर. प्रेम उतू चाललं होतं नुसतं. कुठल्या गिऱ्हाइकाकडे असं काम केलं असतं तर मीच माझ्या कानाखाली वाजवली असती.

मशीन सुरू झालं आणि पाच मिनिटांत गॅरेज गार. मेण घट्ट राहिलं. आत्याने नवं नाक घडवलं, आठ दिवसांत, आधीच्यापेक्षा सुंदर. वहिनींना रंगासाठी बोलावलं. त्या खिडकीजवळच्या खुर्चीवर बसल्या, चेहरा उघडा, वरून माझ्या दोन टनांचा झोत. आत्याजवळ सिलिकॉनच्या रंगीत पट्ट्या आहेत, तिनेच केलेल्या, दीडएकशे असतील. एकेक गालाशी धरून ती बघायची, मान हलवायची, वहीत लिहायची. मी दाराशी उभा, छाती फुगवून.

नाक तयार झालं. वहिनी नवऱ्यासोबत आल्या. आत्याने गोंद लावून ते बसवलं, कडा दाबली आणि बाजूला झाली. मी खरंच सांगतो, माझ्या अंगावर काटा आला. नाक नव्हतं तिथे नाक होतं. गाल कुठे संपतो आणि आत्याचं काम कुठे सुरू होतं ते मला तीन फुटांवरून कळेना. त्यांच्या नवऱ्याने दोन्ही हात तोंडावर धरले. वहिनी आरशात बघत होत्या आणि हसत होत्या, आणि हसताना ते नाकही खरं वाटत होतं.

मग ते दोघं अंगणात गेले. बाहेर रणरणतं ऊन. नवऱ्याला स्कूटर सुरू करायला पाच-दहा मिनिटं लागली, तिची जुनी खोड होती ती. तेवढ्यात आत थंडीने फिकुटलेल्या गालांवर वहिनींचा मूळ रंग परत आला. गाल आले, कपाळ आलं. नाक तिथेच राहिलं, निळसर, परक्यासारखं. वहिनींनी स्कूटरच्या आरशात पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग नाक काढून डबीत ठेवलं, पदर तोंडावर ओढला आणि आत येऊन म्हणाल्या, "राहू दे आत्या. तुम्ही खूप केलंत. आता परत मला बसवू नका त्या खुर्चीत. दोनदा मनाची तयारी केली, तिसऱ्यांदा नाही व्हायची."

त्या गेल्यावर आत्या स्वतः त्या खुर्चीत जाऊन बसली. हातात आरसा. झोत तोंडावर. मग उठली आणि मला म्हणाली, "थंड्या, बस इथे."

मी बसलो. तिने एक पट्टी माझ्या गालाशी धरली. "हा तुझा रंग. बघून ठेव." दहा मिनिटं तशीच बसवून ठेवलं मला झोताखाली, मग तीच पट्टी पुन्हा धरली. मी आरशात पाहिलं. पट्टी माझ्या गालावर वेगळी उठून दिसत होती. पट्टी तीच. बदललो होतो मी.

"मेण सांभाळलं मी," आत्या म्हणाली, "आणि माणूस विसरले. चूक माझी."

"तुझी कशी? झोत माझा! मशीन माझं! दोन टनांचा माजही माझाच!"

"ओरडू नकोस. रंग मी पाहिला."

"थंडी मी घातली!"

चुकीचा वाटा घेण्यावरून आम्ही आत्या-भाचे त्या दिवशी असे भांडलो की शेजारच्या काकू खिडकीत आल्या. शेवटी आत्या म्हणाली, "बरं, निम्मी तुझी. आता ते धूड उतरव."

उतरवलं. एक टनाचा डबा दाराच्या वर लावला, असा की हवा छताला घासत जाईल, कुणाच्या तोंडावर येणार नाही. शटरच्या मागे जाड फोमचे तक्ते बसवले, फटींना रबर लावलं, पत्र्याखाली दुसरं छत घातलं. टेबलावर एक थर्मामीटर, खुर्चीपाशी एक. आत्या पेन्सिल घेऊन आकडे लिहायची आणि मला फोन करायची, "खुर्चीपाशी अर्धा अंश कमी आहे." अर्धा अंश! माझी गिऱ्हाइकं एसीतून थंड हवा आली की टाळ्या वाजवतात. मी जाऊन पाती फिरवायचो, पुन्हा मोजायचो. चिडचिड व्हायची, खोटं कशाला बोलू. पण हळूहळू मला कळायला लागलं की ही बाई माझं मशीन तिच्या सुरीसारखं वापरतेय. मेण कोरायचं तेव्हा एक आकडा, सिलिकॉन घट्ट व्हायला दुसरा, माणूस खुर्चीत बसला की तिसरा. बावीस वर्षं मी एसी विकले, एसी वापरायला मला तिने शिकवलं.

पण खुर्चीत बसायला माणूस कुठे होता? वहिनी काही केल्या यायला तयार नव्हत्या. आत्याने दोनदा निरोप धाडला, नाही. थंडी पडली तेव्हा मीच बेकरीत गेलो, मागच्या दाराने. भट्टीपाशी वहिनी पीठ मळत होत्या, तोंडाला कापड. मी हात जोडले.

"वहिनी, चूक माझी होती. मी तुम्हाला गारठवलं, म्हणून रंग चुकला. आत्याचा हात चुकला नाही. तेवढं सांगायला आलो. त्या खोलीची हवा नीट करता करता माझ्या तर नाकी नऊ आले."

बोललो आणि जीभ चावली. भट्टीपाशी उभ्या त्यांच्या नवऱ्याच्या हातातलं फावडं थांबलं. मला वाटलं, धरणी दुभंगावी आणि मी एसीसकट आत जावं. वहिनी माझ्याकडे बघत राहिल्या. मग त्यांचे खांदे हलायला लागले. हसत होत्या! कापडाआडून अशा खदखदून हसल्या की पिठात हात टेकावे लागले.

"दोन वर्षं झाली," त्या डोळे पुसत म्हणाल्या, "माझ्यासमोर कुणी नाकाचं नावसुद्धा काढत नाही. नवरा शिंकायला बाहेर जातो."

त्या हसण्यात मी संधी साधली. खिशातून थर्मामीटर काढून म्हटलं, "आत्याने विचारलंय, तुमच्या काउंटरपाशी किती गरम असतं?" त्यांना काही कळेना. मी पुढे जाऊन काउंटरमागे उभा राहिलो. भट्टीची ऊब तिथवर यायची. बरोब्बर अठ्ठावीस. मी तो आकडा हातावर लिहिला. "गॅरेज अठ्ठावीसवर ठेवू. तुम्ही काउंटरवर जशा दिसाल, तोच रंग आत्या घेईल. एकदाच या, वहिनी."

त्यांनी डोळे पुसले आणि पुन्हा पीठ मळायला घेतलं. पण रविवारी आल्या.

बाहेर बोलताना तोंडातून वाफ निघत होती. गॅरेजमध्ये मशीन उलटं चालून बाहेरच्या त्या गारठ्यातून ऊब ओढून आत आणत होतं. त्यामागचं शास्त्र मी रोज लोकांना समजावतो, पण त्या दिवशी मलाच ते जादूसारखं वाटलं. खुर्चीपाशी अठ्ठावीस, ना कमी ना जास्त. आत्याने तासभर ब्रशला हातच लावला नाही. नुसत्या गप्पा. पीठ किती भिजवता, भट्टी कितीला पेटवता, खमीर कसं ओळखता. वहिनी बोलत राहिल्या, हात हलवत, आणि त्यांच्या गालांवर हळूहळू रंग चढला, कामावरच्या बाईचा रंग. तेव्हा कुठे आत्या उठली. पट्टी उचलली, ठेवली, दुसरी उचलली. काचेवर रंगाचे ठिपके, त्यात विटकरी रंगाचा एक कण, सुईच्या टोकावर मावेल एवढा. तिच्या कपाळावर घाम आला होता. मी श्वाससुद्धा बेताने घेत होतो. एकाहत्तर वर्षांची बाई एका माणसाचा चेहरा त्याला परत देतेय आणि त्यासाठी सुईच्या टोकाएवढा रंग कमी की जास्त याचा विचार करतेय, हे बघताना मला माझा मोठा आवाज, माझे टन, माझी बावीस वर्षं, सगळं फार लहान वाटलं. आणि त्याचं वाईट वाटलं नाही.

तीन आठवड्यांनी वहिनी काउंटरवर उभ्या राहिल्या. पहिल्या सकाळी मी आणि आत्या रांगेत जाऊन थांबलो. पावासाठी नाही, हे उघड आहे. आमच्यापुढे तिघं. काउंटरमागे वहिनी, नाक लावलेलं, केस बांधलेले, हाताला पीठ. भट्टीच्या दारात त्यांचा नवरा उगाचच उभा. पहिल्या बाईने पिशवी पुढे केली, पाव घेतला, गेली. दुसरा माणूस फोनवर बोलत होता, त्याने मानच वर केली नाही. माझं काही समाधान होईना. आत्याचंही नाही. ती टाचा उंचावून बघत होती.

तिसरे होते काठी टेकणारे एक निवृत्त मास्तर. त्यांनी पाव उलटा केला, बोटाने खरवडला आणि काउंटरवर आपटला.

"हा काय पाव आहे? खालून कोळसा झालाय!"

"कोळसा नाही, भाजलाय," वहिनी म्हणाल्या. "पांढरा फटक हवा असेल तर कच्चं पीठ देते, घरी नेऊन खा."

"तीस वर्षं येतोय मी इथे!"

"तीस वर्षं कुरकुर करताय, तरी रोज येताच ना?"

आवाज चढले. वहिनींचे गाल रागाने लाल झाले. आत्याने माझा दंड घट्ट धरला. "थंड्या, गाल चढले तिचे," ती कुजबुजली, "नाक नाही चढायचं रे." मी पाहिलं. खरंच, नाक गालांच्या एक पाऊल मागे राहिलं होतं. आम्ही अठ्ठावीस अंश मोजले होते, राग मोजला नव्हता.

मास्तर काउंटरवर वाकले. त्यांचा चेहरा वहिनींच्या चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर. डोळे रोखून, थेट त्यांच्या तोंडाकडे बघत, बोट नाचवत ते ओरडले, "आणि तुम्ही होता कुठे दोन वर्षं? हं? तुम्ही नाहीत तेव्हापासून हा पाव करपतोय! कुणाचं लक्ष नाही इथे, कुणाला काही पडलेली नाही!"

मागे वहिनींच्या नवऱ्याने तोंड भिंतीकडे फिरवलं. मास्तरांना काहीच दिसलं नव्हतं. त्यांना समोर फक्त भांडायला एक बाई मिळाली होती, आणि ते मन लावून भांडत होते.

"आलेय ना आता?" वहिनी म्हणाल्या. आवाज जरा घोगरा होता. "आणा तो पाव इकडे. बदलून देते. आणि काठी काढा काउंटरवरून."

मास्तरांनी दुसरा पाव दाबून बघितला, वास घेतला, पुटपुटत पिशवीत टाकला आणि गेले. आत्याने माझा दंड सोडला. तिची बोटं उमटली होती तिथे. माझे डोळे भरून आले होते आणि मी ते लपवायचा प्रयत्नही केला नाही. इतकं सुंदर भांडण मी जन्मात ऐकलं नव्हतं.

"पुढे या," वहिनी माझ्याकडे बघून खेकसल्या. "काय हवंय? लवकर बोला, मागे रांग थांबलीय."

मी बाहीने डोळेच पुसत राहिलो. शेवटी आत्यानेच दोन पाव मागितले.